थेंबाचा माग, रबराचा शोध

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा ट्रक पुन्हा चालता करायचं ठरलं, की मालकाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. इंजिनाची रबरी फाउंडेशन कुठे मिळतील? आणि खाली तेलाचं थारोळं साचतं ते कधी थांबेल? दोन्ही प्रश्न बाजाराचे वाटतात. म्हणून जुना भाग गोणपाटात गुंडाळून मालक मुंबईत कुर्ल्याच्या आणि ऑपेरा हाउसच्या दुकानांत, पुण्यात नाना पेठेत, वेळ पडली तर दिल्लीच्या काश्मिरी गेटपर्यंत फिरतो. दुकानदार भाग उलटसुलट करून पाहतो, मान हलवतो आणि पुढच्या गल्लीतल्या कुणाचं तरी नाव सांगतो. या गल्ल्या आणि त्यांच्यावर जगणारी गॅरेजं नीट पाहिली, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ज्यांचे ट्रक खरोखर रस्त्यावर येतात आणि रस्त्यावर टिकतात, ते लोक भाग शोधण्याआधी त्या भागाचं काम समजून घेतात. फाउंडेशन कशामुळे फाटलं आणि तेल कुठून निघालं, याचं उत्तर आधी मिळालं तर बाजारातली निम्मी पायपीट वाचते. ते न मिळवता आणलेला अस्सल भागही वर्षभरात पुन्हा त्याच वाटेने जातो.

घराणं कुठलं, ते आधी पाहावं

आपल्याकडच्या जुन्या ट्रकांची घराणी मोजकी आहेत. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डायमलर-बेंझशी सहकार्य करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ साली ते सहकार्य संपलं, नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला, पण इंजिनाची घडण त्याच कुळातली राहिली. सुरुवातीचं ओएम ३१२ हे इंजिन सहा सिलिंडरचं, ९० मिलिमीटर बोअर आणि १२० मिलिमीटर स्ट्रोकचं. पुढच्या ६९२ आणि ६९७ या आकड्यांत तर कुंडलीच लिहिलेली आहे: पहिला आकडा सिलिंडरांचा, उरलेले दोन बोअरच्या मिलिमीटरचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर घराण्यातले डॉज आणि फार्गो बाहेर पडत. त्यांत पर्किन्सची डिझेल इंजिनंही बसत, आणि ती मद्रासची सिम्प्सन कंपनी बनवत असे. याशिवाय एन्नोरचा लेलँड कॉमेट, उत्तरपाड्याचा हिंदुस्थान बेडफर्ड, आणि लष्करी लिलावांतून बाहेर आलेला जबलपूरचा शक्तिमान, जो मुळात जर्मन एमएएनच्या परवान्यावर बनला.

हे कूळ माहीत असण्याचा उपयोग अगदी व्यवहारी आहे. टाटा आणि शक्तिमान मिलिमीटरचे. फार्गो, बेडफर्ड, कॉमेट इंचाचे. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या कुंडाच्या, तळाचा ड्रेन प्लग कुणीतरी पूर्वी जबरदस्तीने चुकीच्या आट्यांचा बसवलेला असेल, तर वॉशर कितीही बदला, तिथून थेंब येतच राहणार. दुसरा उपयोग मोठा आहे. ट्रक संपले म्हणून इंजिनं संपली असं होत नाही. बेंझचं ओएम ३५२ हे ९७ मिलिमीटर बोअरचं इंजिन ब्राझील, इराण आणि दक्षिण आफ्रिकेतही तयार होत होतं. पर्किन्सचं ६.३५४ शेतीच्या मोठ्या यंत्रांत आणि बोटींत गेलं. त्यामुळे ट्रकच्या दुकानात ‘बंद झालं’ असं उत्तर मिळालेली पॅकिंगं जनरेटर किंवा बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडे खुंटीला टांगलेली सापडू शकतात. अर्थात घराणं एक म्हणून माप एक, असं गृहीत धरायचं नाही. पॅकिंग ब्लॉकवर ठेवून भोकाला भोक जुळवून पाहिल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत, हा इथला जुना नियम आहे.

फाउंडेशन नेमकं काय सोसतं

फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबराचा ठोकळा, एवढीच समजूत असली की पुढची चूक आपोआप होते. वजन पेलणं हे त्याचं सगळ्यांत सोपं काम. अवघड काम पिळवट सोसण्याचं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बांधलेले असतात. त्यामुळे फाउंडेशनवर नुसत्या इंजिनाची नव्हे, तर गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टची पिळवट येते. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये घाटात उचलताना ती कित्येक पटींनी वाढलेली असते. समोरून पाहिलं तर क्रँक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, म्हणून इंजिन उलट्या दिशेला कलू पाहतं. परिणामी आपल्याकडच्या गाडीत क्लीनर बाजूचं फाउंडेशन वर खेचलं जातं आणि ड्रायव्हर बाजूचं दाबलं जातं. रबर दाब पुष्कळ सोसतं, ओढ फारशी सोसत नाही. क्लीनर बाजूचं रबर आधी लोखंडापासून सुटतं ते यामुळे. दोन्ही बाजूंची एकाच वेळी बदलायची ती मात्र वेगळ्या कारणासाठी: एक नवं आणि एक बसलेलं, अशा जोडीवर इंजिन तिरकं राहतं.

याच्या जोडीला कंप असतो. सहा सिलिंडरचं इंजिन तोल राखण्यात चांगलं, पण मंद चालीत, समजा मिनिटाला ५०० फेऱ्यांवर, त्यात दर सेकंदाला २५ स्फोट होतात आणि प्रत्येक स्फोट ब्लॉकला एक हिसका देतो. हे हिसके चॅसीपर्यंत पोचू नयेत म्हणून रबर मऊ हवं. घाटातली पिळवट सोसायला ते घट्ट हवं. क्रायस्लरने १९३१ साली प्लिमथ मोटारीत ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने इंजिन रबरावर तोललं, तेव्हा कौशल्य याच ओढाताणीतून वाट काढण्याचं होतं. रबर दाबाला ताठ आणि सरकण्याला मऊ असतं. फाउंडेशन तिरकी बसवली की दोन्ही गुण एकाच ठोकळ्यातून मिळतात.

आता टायरचा तुकडा कापून खाली सरकवण्याचा सर्रास चालणारा उपाय याच्याशी ताडून पाहावा. टायरच्या रबरात नायलॉनचे थर असतात. असा तुकडा वजन उत्तम पेलतो, पण सरकत मुळीच नाही. म्हणजे कंपाच्या दृष्टीने इंजिन चॅसीला थेट बोल्टने आवळल्यासारखंच होतं. मग रेडिएटरचे सांधे उकलतात, सायलेन्सरचा पाइप तडकतो, केबिनचे रिव्हेट ढिले होतात. ही दुखणी सुटी सुटी दुरुस्त होत राहतात आणि मूळ कारण कुणी विचारत नाही. उलट फार मऊ रबर घातलं तर क्लच सोडताना गाडी थरथरते आणि जोर लागला की पंखा रेडिएटरच्या आडोशाला घासतो. चांगल्या फाउंडेशनचं रबर साधारणपणे शोअर ए मापावर ५० ते ६५ या कठिणतेचं असतं. कठिणता मोजणारं घड्याळासारखं छोटं उपकरण रबराचं काम करणाऱ्या कारखान्यांत असतंच. जुन्या भागाच्या न भाजलेल्या, न फुगलेल्या कोपऱ्यावर ते टेकवलं तर अंदाज येतो. अंदाजच, कारण वयाबरोबर रबर कडक होत जातं.

डबाबंद भागाचा मोह

जुन्या बाजारात सर्वांत जास्त भाव खातो तो कंपनीच्या मूळ डब्यातला, कधीच न वापरलेला भाग. गिअर, क्रँक, व्हॉल्व्ह असल्या लोखंडी वस्तूंच्या बाबतीत हा भाव रास्त आहे. ग्रीस लावून कागदात गुंडाळलेलं लोखंड चाळीस वर्षांनीही नवंच. रबराचं तसं नाही. हवेतला ओझोन, उष्णता आणि प्रकाश त्याला कपाटातही खात राहतात. त्यामुळे डबा उघडून फाउंडेशन हातात घेतलं की कडेवर अंगठ्याने जोर देऊन वाकवून पाहावं. सुरकुतीत केसासारख्या चिरा दिसल्या की तो भाग काचेच्या कपाटात ठेवण्यालायक, इंजिनाखाली घालण्यालायक नाही. रबराच्या भागाला मिळणारा हा मान चुकीचा आहे, आणि त्यापायी माणसं पैसे वाया घालवतात.

मग उरतात दोन रस्ते. एक, मापं जुळवून दुसऱ्या यंत्राचं फाउंडेशन घेणं. त्यासाठी बोल्टांमधलं अंतर, भार नसतानाची उंची, रबराचा आडवा छेद आणि बसण्याचा कोन, एवढी मापं हातात हवीत. उंची चुकली तर दुखणी पुढे सरकतात: इंजिन थोडं खाली बसलं की ॲक्सिलरेटरच्या दांडीची आणि क्लचच्या जोडणीची भूमिती बदलते, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर वेगळा कोन येतो. दुसरा रस्ता जुन्या लोखंडावर नवं रबर चढवून घेण्याचा. भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतींत रबराचे साचे चालवणारे छोटे कारखाने असतात. जुनं रबर काढून लोखंड वाळूच्या माऱ्याने पांढरं करतात, त्यावर चिकट रसायनाचे थर देतात आणि कच्चं रबर साच्यात भरून दीडशे अंशांच्या आसपास तापवत दाबाखाली ठेवतात. ठोकळा जाड असेल तर वेळ जास्त, नाहीतर बाहेरून शिजलेलं रबर आतून कच्चं राहतं. सगळं यश लोखंडाच्या स्वच्छतेवर असतं. चढवण्याआधी कुणी साध्या हाताने त्याला स्पर्श केला, तर हाताच्या तेलकटपणामुळे नेमकं त्याच जागी रबर पुढे सुटू शकतं.

इथे दोन प्रश्नांची गाठ पडते. बहुतेक जुनी फाउंडेशन नैसर्गिक रबराची. कंप आणि थकवा सोसण्यात नैसर्गिक रबराला तोड नाही, पण खनिज तेलात ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. तेलाला दाद न देणारं नायट्राइल रबर मिळतं, पण सतत हिसके सोसण्यात ते तेवढं दमदार नाही. म्हणून मालक ‘तेलाने खराब न होणारं रबर घाला’ असं सांगतो तेव्हा तो रोग तसाच ठेवून औषध बदलत असतो. तेल आधी थांबवलं तर फाउंडेशनला मूळचंच रबर सर्वांत योग्य. क्रम ठरला तो यातूनच: आधी गळती, मग फाउंडेशन.

थेंब कुठून निघतो

गळतीचा माग काढण्यात सर्वांत मोठी फसवणूक थेंब पडतो ती जागा करते. तेल गुरुत्वाने खाली उतरतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं. टॅपेट कव्हरच्या पुढच्या कोपऱ्यातून निघालेलं तेल ब्लॉकच्या अंगावरून घरंगळत क्लचभोवतीच्या बेल हाउसिंगच्या तळाशी टपकतं आणि मिस्त्री म्हणतो, मागचं सील गेलं, इंजिन उतरवा. नुसत्या अंदाजाने उतरवलेली अशी इंजिनं थोडीथोडकी नसतात. जाणता मिस्त्री आधी इंजिन डिझेलने किंवा रॉकेलने धुतो, पुसतो, वाळू देतो आणि संशयाच्या जागांवर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर फुंकतो. मग इंजिन गरम होईपर्यंत चालवून टॉर्च घेऊन वरून खाली आणि पुढून मागे पाहत येतो. पांढऱ्या भुकटीवर सर्वांत वर आणि सर्वांत पुढे जिथे काळा डाग उमटेल, तो उगम. बाकीचे सगळे ओघळ. बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून तेल येत असेल तर बोटांवर चोळून वास घ्यायचा. डिझेल इंजिनाचं तेल काळंभोर असतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो. दर्प आला तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा, क्रँकचा नव्हे.

उगम सापडला तरी लगेच पॅकिंग कापायला बसायचं नाही. आधी इंजिनाचा श्वास तपासायचा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेल्या वायूचा काही भाग खाली चेंबरमध्ये शिरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. त्याची जाळी काजळीने आणि तेलाच्या चिकटाने बुजली, की आतला दाब जिथे फट मिळेल तिथून तेल घेऊन बाहेर पडतो. काही इंजिनांत व्हॅक्युम ब्रेकचा पंप खेचलेली हवाही इंजिनाच्या पोटातच सोडतो; तिची भर वेगळी. ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुणं हे अर्ध्या तासाचं काम, आणि एकाच वेळी चार ठिकाणांहून पाझरणारं इंजिन पुष्कळदा तेवढ्याने कोरडं पडतं. ब्रीदर साफ असूनही त्यातून धूर भकाभका येत असेल, तर दोष रिंगांचा. मग कुठलंही पॅकिंग तो कायमचा झाकू शकत नाही.

पॅकिंग कापण्याचं काम मात्र पाहत राहावं असं असतं. कारागीर शीट थेट कव्हरच्या तोंडावर ठेवतो आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके देत जातो. बिडाची धारच शीट कापते, भोकांसाठी पंच. आकार हुबेहूब उतरतो, मापपट्टी लागत नाही. पण कव्हर पत्र्याचं असून त्याची कड बोल्टच्या भोकांभोवती फुगलेली असेल, तर हे सुबक पॅकिंगही गळणार. वर्षानुवर्षं ‘अजून थोडं आवळ’ म्हणत पाना फिरवल्याने पत्रा भोकाशी वर येतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये दाब उरत नाही. सपाट पट्टी उभी धरून मागून उजेड दिसतो का पाहायचं, आणि फुगवटे लोखंडी पाटावर ठोकून बसवायचे. गळती आवळण्यातून थांबते हा समज इथे उलटा पडतो. कॉर्कच्या पॅकिंगला तर जादा आवळणं म्हणजे चिरडणंच. ड्रेन प्लगचं तांब्याचं वॉशरही पुनःपुन्हा दबून कडक होतं. ते मंद लाल होईपर्यंत तापवून घेतलं की पुन्हा मऊ पडतं आणि नवं आणावं लागत नाही.

दोरी आणि क्रँक

क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी ओठाचं ऑइल सील त्या काळी सरसकट नव्हतं. अनेक इंजिनांत ग्रॅफाइट चोळलेल्या ॲस्बेस्टॉसची जाड दोरी दोन अर्धगोल खोबणींत ठासून बसवलेली असे. तिचं काम तेल पूर्ण अडवण्यापेक्षा आवरून धरण्याचं. आज ॲस्बेस्टॉस टाळून ग्रॅफाइट आणि कृत्रिम धाग्यांच्या दोऱ्या मिळतात. बसवण्याची रीत तीच: दोरी तेलात भिजवायची, गोल दांड्याने खोबणीत लाटत न्यायची आणि टोकं किंचित वर ठेवून धारदार पात्याने सपासप कापायची, म्हणजे दोन अर्ध जुळले की टोकं एकमेकांवर दाबून बसतात. लोंबतं सूत राहिलं तर ते सांध्यात अडकतं आणि तिथूनच तेल येतं.

पण दोरी का हरली हे विचारलंच पाहिजे. मुख्य बेअरिंग झिजली असतील तर क्रँक खोबणीत हेलकावतो आणि नवी दोरी काही महिन्यांत ठेचून टाकतो. अशा वेळी दोरीचं बिल म्हणजे खरं तर बेअरिंगच्या खर्चाचा पहिला हप्ता असतो. पुढच्या टोकाला, जिथे ओठाचं सील असतं, तिथे निराळा दोष आढळतो: जुन्या सीलने शाफ्टवर खोबण पाडलेली असते. नखाला लागेल इतकी खोबण असली की नवं सील गळणारच. तिथे पातळ स्लीव्ह चढवायची किंवा सील दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर बसवून ओठाला गुळगुळीत जागा द्यायची. सील मिळणं ही अडचण नाही; आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे सांगितले की कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात बहुधा जवळचं माप निघतं. तिथे ट्रकचं नाव सांगितलं तर उलट ‘नाही’ ऐकावं लागतं.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप गॅरेजमधलाच, आणि तो पूर्ण चुकीचा नाही: जुन्या डिझेलला थोडं गळायचंच, एवढा खटाटोप कशाला? हिशेब मांडू. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि दर दहा सेकंदांना एक थेंब पडला, तर तासाला १८ मिलिलिटर तेल जातं. लिटरभर जायला पंचावन्न तास लागतात. तेलाच्या खर्चापुरता हा आक्षेप मान्य करावा. हरकत तेल जातं कुठे याला आहे. तेच तेल क्लच प्लेटवर गेलं की भरलेली गाडी चढावर घसरते, तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं तर आगीची भीती, आणि फाउंडेशनवर ठिबकत राहिलं तर महागाचं नवं रबर सडतं. त्यामुळे थेंब किती यापेक्षा तो कुठे पडतो यावर निर्णय व्हावा. चेंबरच्या कडेवरून थेट जमिनीवर पडणारा थेंब पुढच्या मोठ्या कामापर्यंत थांबू शकतो. फाउंडेशनच्या वरचा थांबू शकत नाही.

दुसरा आक्षेप हौशी जतनकर्त्यांचा: कॉर्कऐवजी आधुनिक शीट, दोरीऐवजी दुसरं सील आणि साच्यात नवं रबर घातलं तर गाडी अस्सल कशी राहिली? पॅकिंग, सील आणि रबर हे झिजण्यासाठीच बनलेले भाग आहेत. कारखान्यानेही ते बदलायचे म्हणूनच नंबर घालून सुटे विकले. ट्रकचा अस्सलपणा त्याच्या ब्लॉकमध्ये, चॅसीत आणि रचनेत असतो. उलट अस्सलपणाच्या हट्टाने चिरलेलं फाउंडेशन तसंच ठेवलं, तर अस्सल रेडिएटर आणि केबिन हकनाक खराब होतात. मात्र एक मर्यादा पाळावी. नवीन भाग बसवण्यासाठी ब्लॉक कोरणं, खोबणी वाढवणं किंवा ब्रॅकेट कापणं टाळावं. जे केलं ते पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे. आणि सिलिकॉनची नळी पिळून सगळे सांधे चोपडणं तर नकोच. आत सुटलेले त्याचे तुकडे तेलाच्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात आणि गळती थांबवण्याच्या नादात बेअरिंगं कोरडी पडतात.

तिसरा आक्षेप सर्वांत सरळ: एवढं करण्यापेक्षा नव्या ट्रकचं इंजिन घाला. मालवाहतुकीसाठी रोज पळणाऱ्या गाडीपुरता तो सल्ला योग्यच आहे. पण जतनासाठी ठेवलेल्या गाडीत तो तोट्याचा. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी जी व्हिंटेज नोंदणी आणली, ती खासगी वापराच्या, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न झालेल्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे. मालवाहू ट्रक त्यात आधीच सहज बसत नाही. त्यात इंजिनही परकं असेल तर मालकाची बाजू आणखी लंगडी पडते.

मापं लिहून ठेवण्याची गरज

या सगळ्यातली खरी टंचाई भागांची नाही, नोंदींची आहे. एखाद्या टाटा १२१० ट्रकचं फाउंडेशन कुणीतरी एकदा साचा करून घेतो, त्याचं काम भागतं, साचा कारखान्याच्या कोपऱ्यात गंजतो आणि पुढच्या वर्षी दुसरा मालक तीच पायपीट पुन्हा करतो. एका जोडीसाठी साचा परवडत नाही, दहा मालक एकत्र आले तर सहज परवडतो. कारखानदारालाही लहान का होईना, पण नेमकी ऑर्डर लागते. म्हणून जुन्या गाड्यांच्या संघटनांनी मेळाव्यांतल्या रंग-पॉलिशइतकंच लक्ष अशा नोंदींकडे द्यावं: फाउंडेशनची मापं, रबराची कठिणता, प्रत्येक सीलचे तीन आकडे, पॅकिंगच्या पूर्ण आकारातल्या कागदी प्रती, आणि कोणत्या इंजिनात तेल कोणत्या कारणाने गळलं याची एक-एक ओळ. आयटीआयच्या मुलांना अशी मापं काढण्याचं काम दिलं तर त्यांचाही हात बसेल. टायरचा तुकडा खपत राहतो तो मिस्त्री अडाणी आहे म्हणून नव्हे. योग्य भाग काय होता हे सांगणारा कागद त्याच्या हातात कुणी दिलेला नसतो म्हणून.